जखमेचे माप आणि मापणाऱ्याची परीक्षा



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागल्यापासून अनेकांनी आम्हांला विचारले की, कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने जखमांवर काय बोलावे? तो डॉक्टरांचा प्रांत नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. आम्ही डॉक्टर नाही. आमचे शिक्षण रात्रशाळेत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. परंतु घरोघर जाऊन रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका आणि मदतनीस स्त्रिया यांच्यात आम्ही काम करू लागलो, तेव्हा पगार, सुटी, कामाचे तास या नेहमीच्या गाऱ्हाण्यांबरोबर एक शब्द पुन्हा पुन्हा कानी येऊ लागला. तो शब्द म्हणजे बेडसोर. कोणाचा पगार अडला होता तो बेडसोरवरून, कोणाला रातोरात काढले होते ते बेडसोरवरून. म्हणून हा विषय आम्हांला शिकावा लागला. जे शिकलो ते आज आपणांपुढे ठेवतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आज ना उद्या कोणीतरी अंथरुणाला खिळेल. तेव्हा हा विषय परक्याचा नाही.

घरी जाऊन शुश्रूषा करण्याची कल्पना जुनीच आहे. १८५९ साली इंग्लंडातील लिव्हरपूल शहरी विल्यम रॅथबोन नावाच्या व्यापाऱ्याने आपल्या पत्नीच्या अखेरच्या आजारात तिची सेवा केलेल्या मेरी रॉबिन्सन या परिचारिकेलाच शहरातील गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करण्यासाठी नेमले. काम इतके निघाले की तिच्यासारख्या अनेक जणी हव्यात असे त्यांना दिसून आले; पण शिकलेल्या परिचारिका मिळेनात. शेवटी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या सल्ल्याने तेथे शिक्षणाचीच सोय करावी लागली. न्यूयॉर्कमध्ये लिलियन वॉल्ड यांनी १८९३ साली असेच काम सुरू केले. म्हणजे घरच्या शुश्रूषेच्या जन्मापासून पहिला प्रश्न शिक्षणाचा राहिला आहे आणि तो अजून सुटलेला नाही.

आपल्याकडे घरी येणाऱ्या बाईला सरसकट 'सिस्टर' म्हणण्याची पद्धत आहे. वस्तुतः यांत दोन वर्ग आहेत. एक, रीतसर शिकून नर्सिंग कौन्सिलकडे नोंद झालेल्या परिचारिका. दुसऱ्या, ब्युरोमार्फत येणाऱ्या मदतनीस, ज्यांना आपण 'मावशी' म्हणतो. जखमेचे मूल्यमापन करणे हे पहिलीचे काम. बदल दिसताच तो ओळखून कळविणे हे दुसरीचे काम. कोणते औषध लावावयाचे हा निर्णय डॉक्टरांचा. या तीन कामांची सरमिसळ झाली की घोटाळा होतो, आणि घोटाळ्याचे खापर बहुधा सर्वांत कमी पगार मिळणाऱ्या व्यक्तीवर फुटते.

आता रुग्णालय आणि घर यांतील फरक पाहा. रुग्णालयात परिचारिकेला शंका आली तर शेजारच्या खाटेवरील दुसरी परिचारिका येऊन पाहते, डॉक्टर फेरीवर येतात, दिवा चांगला असतो, पलंग वरखाली होतो. घरी ती एकटी असते. दिवाण भिंतीला टेकलेला, खोलीत एकच मंद दिवा, रुग्ण तिच्याहून वजनाने जास्त, आणि दारात उभे राहून पाहणारी घरची माणसे. जे पाहावयाचे ते तिला एकटीच्या डोळ्यांनी पाहावे लागते. म्हणून घरी जाणाऱ्या परिचारिकेला रुग्णालयातल्यापेक्षा कमी शिक्षण चालेल हा समज उलटा आहे. तिला अधिक शिक्षण हवे.

शय्याव्रण होतो कसा? हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस व कातडी दबली जाते. दाबामुळे तेथील बारीक रक्तवाहिन्या मिटतात, रक्त पोचत नाही आणि तो भाग मरू लागतो. निरोगी माणूस झोपेतही कूस बदलतो, त्यामुळे त्याला काही होत नाही. अर्धांगवायू झालेला किंवा फार अशक्त माणूस कूस बदलू शकत नाही. माकडहाड, टाचा, खुबे, घोटे, कोपर, खांद्याची पाती आणि डोक्याचा मागचा भाग या जागा प्रथम धोक्यात येतात. पलंगाचे डोके उंच करून ठेवले की रुग्ण हळूहळू खाली घसरतो. कातडी गादीला चिकटून राहते आणि आतले हाड पुढे सरकते. ही ओढही दाबाइतकीच घातक असते. त्यात ओलसरपणा आणि अपुरे अन्न यांची भर पडली की काम झपाट्याने बिघडते.

कोणाला धोका जास्त आहे हे आधी ओळखण्यासाठी मोजपट्ट्या तयार झालेल्या आहेत. इंग्लंडातील परिचारिका डोरीन नॉर्टन आणि त्यांचे सहकारी यांनी १९६२ साली वृद्ध रुग्णांसाठी अशी पहिली प्रसिद्ध मोजपट्टी दिली. अमेरिकेतील बार्बरा ब्रेडन व नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांची मोजपट्टी १९८७ साली प्रसिद्ध झाली आणि ती आज पुष्कळ ठिकाणी वापरतात. तिच्यात सहा गोष्टी पाहतात: संवेदना, ओलसरपणा, हिंडणेफिरणे, अंथरुणात हालचाल करण्याची शक्ती, आहार आणि घर्षण-ओढ. गुण ६ ते २३ यांच्या दरम्यान येतात. गुण जितके कमी तितका धोका जास्त. १८ वा त्याहून कमी गुण आले तर सावध व्हावयाचे. या दोन्ही मोजपट्ट्या परिचारिकांनी आपल्या कामातून घडविल्या, ही गोष्ट आम्हांला विशेष वाटते.

जखम झालीच तर ती पाहावयाची कशी? 'जखम बरी आहे' किंवा 'जखम वाढली' एवढे लिहिणे म्हणजे दुकानदाराने वहीत 'माल पुष्कळ आहे' असे लिहिण्यासारखे आहे. प्रथम जागा लिहावयाची. मग लांबी, रुंदी आणि खोली सेंटिमीटरमध्ये. लांबी डोक्याकडून पायाच्या दिशेने, रुंदी तिला काटकोनात. खोली निर्जंतुक कापूसकाडीने. ही दिशा सर्वांनी एकच धरली पाहिजे. आज एकीने तिरपे मापले आणि उद्या दुसरीने उभे मापले, तर जखम न बदलता आकडे बदलतील. लांबीरुंदीचा गुणाकार हे खरे क्षेत्रफळ नव्हे हेही ध्यानात असावे. ४ सेंटिमीटर लांब आणि ३ सेंटिमीटर रुंद जखमेचा गुणाकार १२ येतो. पण ती लंबगोल असेल तर क्षेत्रफळ सुमारे ९.४ चौरस सेंटिमीटरच असते. तरीही पद्धत तीच राहिली तर आठवड्याआठवड्याची तुलना खरी ठरते. कापडाच्या गजासारखेच हे आहे. तोच गज तशाच रीतीने लावला तर माप उपयोगी पडते.

कधी कधी वरून लहान दिसणारी जखम कडांच्या आतून पोखरलेली असते, किंवा तिच्यातून एखादे भुयार आत गेलेले असते. ते घड्याळाच्या भाषेत लिहितात: रुग्णाचे डोके म्हणजे १२ वाजले, पाय म्हणजे ६. 'तीन वाजण्याच्या दिशेला २ सेंटिमीटर भुयार' असे लिहिले की न पाहिलेल्या डॉक्टरलाही चित्र दिसते. मग तळाचा रंग. लाल, दाणेदार मांस हे भरत आलेल्या जखमेचे लक्षण. पिवळा, चिकट थर म्हणजे मेलेला भाग. काळा, कडक थर म्हणजेही मेलेला भाग. कोणता रंग किती, हे शेकडा प्रमाणात लिहावयाचे. त्यानंतर स्राव किती आणि कसा, वास आहे काय, कडा कशा आहेत, भोवतालची कातडी पांढुरकी होऊन भिजली आहे काय, दुखते किती. वासाचा निर्णय जखम धुतल्यावर करावयाचा, कारण जुन्या पट्टीला वास येतोच. या सर्वांतून भरून येण्याची गती मोजणारी एक सोपी मोजपट्टीही अमेरिकेत तयार झाली आहे. तिच्यात क्षेत्रफळाला ० ते १०, स्रावाला ० ते ३ आणि तळाच्या प्रकाराला ० ते ४ असे गुण देतात. एकूण १७. हा आकडा आठवड्यागणिक उतरत गेला तर जखम भरत आहे, चढला तर डॉक्टरांना कळवावयाचे.

शय्याव्रणाच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत कातडी फाटलेली नसते; लाली असते आणि बोटाने दाबून सोडले तरी ती फिकी पडत नाही. दुसरीत वरची कातडी जाते किंवा पाण्याचा फोड येतो. तिसरीत कातडीची पूर्ण जाडी जाऊन चरबी दिसते. चौथीत स्नायू, स्नायुबंध किंवा हाड उघडे पडते. काळ्यापिवळ्या थराने तळ झाकला असेल तर पायरी ठरविताच येत नाही, आणि 'ठरविता येत नाही' असे लिहिणे हेच तेथे बरोबर उत्तर असते. जांभळा, रक्ताळलेला डाग आतल्या खोल इजेची सूचना असू शकते.

यांत चार ठिकाणी शिकलेली माणसेही फसतात. एक: पुस्तकांतली चित्रे बहुधा गोऱ्या कातडीची असतात. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर पहिली लाली दिसतच नाही. तेथे हात लावून पाहावे लागते. शेजारच्या भागापेक्षा ती जागा गरम वा गार आहे काय, कडक वा भुसभुशीत आहे काय, दुखते काय, हे तपासावे लागते. आपल्या देशात हा धडा पहिला असावयास हवा. दोन: लघवी आणि शौच यांनी कातडी सोलवटते, तिला शय्याव्रण समजतात. तशी इजा बहुधा हाडावर नसते. ती घडीत आणि पसरट असते. उपाय वेगळा असल्याने भेद कळला पाहिजे. तीन: चौथ्या पायरीची जखम भरू लागली की तिला तिसऱ्या पायरीची म्हणतात. हे चूक आहे. गेलेले मांस परत तसेच येत नाही. 'भरत आलेली चौथ्या पायरीची जखम' असेच लिहावयाचे. चार: टाचेवर कोरडी, घट्ट, काळी खपली असेल आणि भोवती सूज, लाली, पू नसेल, तर ती उगाच खरवडावयाची नाही.

पायावरच्या जखमांचे आणखी निराळे आहे. नीला निकामी झाल्याने होणारी जखम बहुधा घोट्याच्या आतल्या बाजूला होते आणि तिला घट्ट पट्टा बांधल्याने गुण येतो. धमनी अरुंद झाल्याने होणारी जखम बोटांवर वा टाचेवर येते, पाय गार असतो. तेथे तोच घट्ट पट्टा बांधला तर पाय गमावण्याची पाळी येते. म्हणून पट्टा बांधण्यापूर्वी दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब ताडून पाहतात. मधुमेही माणसाच्या पायाची संवेदनाच गेलेली असते. चपलेतला खिळा टोचत राहिला तरी त्याला कळत नाही. वेल्लोर येथे कुष्ठरोग्यांवर काम करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच दाखवून दिले की, हातपाय झडतात त्याला वेदना नाहीशी होणे हे मोठे कारण असते. मधुमेह्याच्या पावलाला १० ग्रॅम दाबाने वाकणारा नायलॉनचा तंतू टेकवून संवेदना तपासणे हे अगदी स्वस्त साधन आहे. ते घरी जाणाऱ्या प्रत्येक परिचारिकेच्या पिशवीत असावे.

येथवर जे सांगितले ते शिकवावयाचे कसे? याचे उत्तर आपल्याच घरात फार जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय 'योग्यासूत्रीय' या नावाचा आहे. योग्या म्हणजे हाताचा सराव. छेद घेण्याचा सराव भोपळा, कलिंगड, काकडी यांवर. शिवण्याचा सराव कापडावर आणि मऊ चामड्यावर. पट्टी बांधण्याचा सराव माणसाच्या आकाराच्या बाहुल्यावर. आणि नाडीव्रणात सळई घालून खोली पाहण्याचा सराव किडीने पोखरलेल्या लाकडावर व वेळूवर करावा, असे तेथे सांगितले आहे. पुष्कळ ग्रंथ पढलेला असूनही ज्याने हाताने सराव केला नाही, तो कामाला लायक नाही असा त्याचा अभिप्राय आहे. आज रबराच्या टाचेवर आणि कमरेच्या नमुन्यावर खोट्या जखमा करून परिचारिकांना शिकवितात. तत्त्व तेच आहे.

आमच्या मते शिक्षणाचा क्रम असा असावा. आधी वर्गात थोडे पाठ, मग नमुन्यांवर सराव, मग निरनिराळ्या रंगांच्या कातडीची छायाचित्रे पाहून ओळख, आणि शेवटी अनुभवी परिचारिकेबरोबर प्रत्यक्ष घरी. शिकविताना जुने गैरसमजही काढून टाकावे लागतात. हाडावरच्या लाल भागाला जोराने चोळावे, ट्यूबसारख्या गोल कड्यावर बसवावे, जखमेत हळद वा पावडर भरावी, जखम उघडी ठेवून वाळवावी, हे सारे आजही घरोघर चालते. चोळण्याने दबलेल्या भागाला आणखी इजा होते. कड्याच्या काठाने भोवतालचा रक्तपुरवठा तुटतो. जखम वाळवावी हा समज तर इंग्लंडात जॉर्ज विंटर यांनी १९६२ सालीच खोटा पाडला. डुकरांच्या कातडीवरील उथळ जखमा त्यांनी पातळ पारदर्शक पटलाने झाकून ओलसर ठेवल्या. उघड्या जखमांपेक्षा त्यांच्यावर नवी कातडी सुमारे दुप्पट वेगाने आली. हे कळल्याला साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी आमच्या वस्तीत अजून जखमेला 'हवा लागू द्या' म्हणतात.

आता परीक्षेकडे वळू. परीक्षा म्हटली की कामगाराच्या मनात धास्ती बसते, आणि तिला कारण आहे. परंतु परीक्षा नको असे आम्ही म्हणणार नाही. शिकलेले हातात उतरले की नाही हे पाहिल्यावाचून रुग्णाला तिच्या स्वाधीन करणे अन्यायाचे होईल. प्रश्न एवढाच की परीक्षा कशाची आणि कशी?

जॉर्ज मिलर या अमेरिकन अध्यापकांनी १९९० साली चार पायऱ्या सांगितल्या: माहीत असणे, कसे करावे हे माहीत असणे, करून दाखविता येणे आणि रोजच्या कामात खरोखर करणे. कागदावरची प्रश्नपत्रिका पहिल्या दोन पायऱ्याच तपासते. तिसरीसाठी स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डेन यांनी एक पद्धत काढली आणि १९७५ साली ती प्रसिद्ध केली. खोलीत अनेक टेबले मांडतात. प्रत्येक टेबलावर एक काम आणि ठरावीक मिनिटे. घंटा झाली की परीक्षार्थी पुढच्या टेबलाकडे जातो. जखमेच्या परीक्षेत पहिल्या टेबलावर नमुन्याची लांबी, रुंदी, खोली मापावयाची. दुसऱ्यावर भुयाराची दिशा सांगावयाची. तिसऱ्यावर छायाचित्रे पाहून दाबाची जखम कोणती आणि ओलाव्याची कोणती हे निवडावयाचे. चौथ्यावर हात धुऊन पट्टी उतरवावयाची. पाचव्यावर नोंद लिहावयाची. सहाव्यावर डॉक्टरांना फोनवर थोडक्यात सांगावयाचे. परीक्षकाच्या हाती छापील यादी असते. सर्वांना तीच कामे, तोच वेळ, तीच यादी. वशिला आणि लहर यांना वाव कमी होतो म्हणून ही पद्धत आम्हांला पटते. चौथी पायरी मात्र टेबलावर तपासता येत नाही. तिच्यासाठी अनुभवी व्यक्तीने महिन्यादोन महिन्यांनी घरी बरोबर जाऊन पाहिले पाहिजे.

दोघींचे एकमत होते काय, ही दुसरी कसोटी. एकच जखम दोघींनी वेगवेगळी पाहून लिहावी आणि मग ताडून पाहावे. यात एक खुबी आहे. समजा, शंभर छायाचित्रे आहेत आणि दोघींनीही निम्म्यांना दाबाची, निम्म्यांना ओलाव्याची जखम म्हटले. डोळे मिटून उत्तरे दिली असती तरी निव्वळ योगायोगाने सुमारे पन्नास ठिकाणी एकमत झाले असते. प्रत्यक्षात ऐंशी ठिकाणी झाले. म्हणजे योगायोगापलीकडच्या पन्नासांपैकी तीस कमावले. तीस भागिले पन्नास, ०.६. जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलेला हा हिशेब आहे आणि 'कॅपा' या नावाने तो ओळखला जातो. 'आमच्या परिचारिकांचे शेकडा ऐंशी एकमत आहे' असे कोणी अभिमानाने सांगितले तर योगायोगाचा वाटा वजा केला काय, असे त्याला विचारावे. आणि एकमत कमी आले तर दोष दर वेळी परिचारिकेचाच नसतो. शिकविणाराचा, छायाचित्राचा किंवा प्रश्नाचाही असू शकतो.

उत्तीर्णतेची रेषा कोठे ओढावयाची? 'शंभरात पस्तीस' ही आपल्या शाळेची सवय येथे उपयोगी नाही. विल्यम अँगॉफ यांच्या नावाने १९७१ पासून ओळखली जाणारी एक रीत अशी आहे की, जाणकारांनी एकत्र बसून प्रत्येक प्रश्नाबाबत ठरवावयाचे: जेमतेम लायक अशा शंभर परिचारिकांपैकी किती जणी हे बरोबर सांगतील? त्या अंदाजांवरून रेषा ठरते. आमची सूचना आहे की, या जाणकारांत घरोघर काम केलेल्या परिचारिकाही असाव्यात. शिवाय काही गोष्टींत सूट नसावी. ताप आहे, लाली पसरत आहे, पू येत आहे, आणि परिचारिकेने कोणालाच कळविले नाही, तर बाकीचे सारे बरोबर असूनही ती त्या दिवशी नापास. तिला पुन्हा शिकवावे, पुन्हा परीक्षा घ्यावी. परीक्षा तिच्या भाषेत असावी. मराठी वा हिंदी बोलणाऱ्या बाईची परीक्षा इंग्रजीत घेतली तर इंग्रजीची परीक्षा होते, जखमेची होत नाही.

आता आमच्या प्रांतात येतो. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी खराब निघालेले कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापीत. सूत कच्चे होते, की माग बिघडला होता, की विणकराची हयगय होती, हे कोण ठरविणार? ठरविणारा मालकच. १९३६ साली वेतन प्रदान कायदा झाला आणि दंड वा कपात करण्यापूर्वी कामगाराचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे हे तत्त्व कायद्यात आले. घरी शुश्रूषा करणाऱ्या बाईची आजची स्थिती त्या विणकराच्या जुन्या स्थितीसारखी आहे. तिच्या कामाची जागा म्हणजे कोणाचे तरी घर. तेथे निरीक्षक येत नाही आणि साक्षीदारही नसतो.

आमच्यापुढे आलेले एक प्रकरण सांगतो. एक वृद्ध गृहस्थ रुग्णालयातून घरी आले, त्याच दिवशी एका ब्युरोने एक मदतनीस पाठविली. चौथ्या दिवशी घरच्यांना माकडहाडापाशी जखम दिसली. दोष तिच्यावर आला, काम सुटले, महिन्याचे पैसे अडले. ती शपथेवर सांगत होती की, कातडी पहिल्या दिवशीच जांभळी होती. तसे असेलही. खोलवरची इजा आत आधी होते आणि वर दिसावयास काही दिवस लागतात, हे शास्त्र सांगते. पण पहिल्या दिवशी कोणी पाहिले नव्हते, मापले नव्हते, लिहिले नव्हते. आम्ही ब्युरोशी पुष्कळ भांडलो. पैसे निम्मेच मिळाले. कागदाचा एक तुकडा असता तर पूर्ण मिळाले असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पहिल्या दिवशी जांभळा डाग ओळखला असता तर त्या गृहस्थांवरील दाब चार दिवस आधी हटला असता. रुग्णाचे हित आणि कामगाराचे हित येथे एकाच कागदावर येऊन ठेपते.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत. शिक्षणाचे तास हे कामाचे तास समजून त्यांचा पगार मिळावा. परीक्षेचा निकाल प्रथम शिकविण्यासाठी वापरावा, काढून टाकण्यासाठी नव्हे. उत्तीर्ण झालेल्या स्त्रीला पगारात वाढ मिळावी. कौशल्य वाढवून मागणाऱ्याने त्याचा दामही द्यावा. ज्या कामाचे शिक्षण दिले नाही ते काम मदतनिसाकडून करून घेऊ नये. पहिल्या दिवसाची नोंद सक्तीची असावी आणि तिची एक प्रत काम करणाऱ्या स्त्रीकडे राहावी. बारा तासांच्या पाळीत दर दोन तासांनी जड रुग्णाची कूस एकटीने बदलताना तिची कंबर मोडते. तेव्हा दुसऱ्या हाताची सोय व्हावी. यांतील एकही मागणी रुग्णाच्या हिताविरुद्ध जात असेल तर आपण ती दाखवून द्यावी. आम्ही ती सोडून देऊ.

आपण नागरिकांनी काय करावे? घरी परिचारिका येईल त्या पहिल्या दिवशी तिच्याबरोबर बसून डोक्यापासून टाचेपर्यंत रुग्णाची कातडी पाहावी. चांगली बॅटरी आणि सेंटिमीटरची स्वच्छ कागदी पट्टी आणून ठेवावी. जे दिसले ते तारखेसह लिहून दोघांनी सही करावी. मोबाइलवर छायाचित्र काढावयाचे असेल तर रुग्णाची परवानगी घ्यावी, पट्टी शेजारी ठेवावी, अंतर आणि उजेड दर वेळी सारखा ठेवावा. ते चित्र नातेवाइकांत फिरवू नये. आठवड्यातून एकदा माप पुन्हा घेतले जाते की नाही हे विचारावे. रुग्णालयातून जखम घेऊनच माणूस घरी आला असेल तर ते लपवू नये. आणि ब्युरोला विचारावे: या बाईंना जखम पाहावयास कोणी शिकविले, परीक्षा कोणी घेतली, आणि त्या दिवसाचा पगार दिला काय? पहिले दोन प्रश्न आपल्या आईवडिलांसाठी आहेत, तिसरा त्यांची सेवा करणारीसाठी. हे प्रश्न पुष्कळ घरांतून विचारले जाऊ लागले तर ब्युरोंना उत्तरे तयार ठेवावीच लागतील, असा आमचा संघटनेतील अनुभव आहे.